मुस्लिम इलेव्हन : एका विखुरलेल्या संघाची गोष्ट

खोपटच्या एस.टी. स्टँडवर थोडा वेळ उभे राहिले की माणसे आपले ठिकाण कशी बदलतात ते दिसते. चिपळूण, महाड, खेड, दापोली. गाड्या येतात, जातात. ट्रंका, पोती, आंब्याच्या पेट्या उतरतात. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे अशाच कुठल्यातरी वाटेने ठाणे, कल्याण, भिवंडी, मुंब्रा या पट्ट्यात येऊन स्थिरावले. माणसाचे स्थलांतर आम्हाला नवे नाही. पण एखादा संघ, खेळाडूंचा चमू, आपले नाव आणि आपले प्रेक्षक घेऊन गाव सोडतो तेव्हा काय होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

कॅनडात हा अनुभव नित्याचा आहे. तिथे बर्फावरच्या हॉकीचे कुमार संघ असतात. सोळा ते वीस वर्षांची मुले त्यांत खेळतात, दूरच्या गावाहून येतात, त्या शहरातल्या एखाद्या कुटुंबात राहतात आणि तिथल्याच शाळेत जातात. गाव त्यांना आपले म्हणते. मग प्रेक्षक घटतात, सभागृहाचे भाडे परवडत नाही, मालक संघ विकतो आणि एका उन्हाळ्यात संघच दुसऱ्या शहरात हलतो. ब्रॅम्पटनचा बटालियन संघ २०१३ मध्ये नॉर्थ बेला गेला. बेलव्हिलचा बुल्स २०१५ मध्ये हॅमिल्टनला गेला, नाव बदलून बुलडॉग्स झाला आणि २०२३ मध्ये तिथूनही उठून ब्रँटफर्डला गेला. 'आइस' नावाच्या संघाची कथा तर आणखी लांब आहे. एडमंटनमध्ये तो सुरू झाला. १९९८ मध्ये क्रॅनब्रुक या डोंगरातल्या लहान गावी आला. तिथे असताना २००२ मध्ये त्याने मेमोरियल कप जिंकला. कॅनडाच्या कुमार हॉकीत याहून मोठा चषक नाही. २०१९ मध्ये तो विनिपेगला हलला आणि २०२३ मध्ये सरहद्द ओलांडून अमेरिकेतल्या वेनाची गावी गेला. तिथे गेल्यावर 'आइस' हे नावही उरले नाही. चषक जिंकणारा संघ आमचा होता, असे आता क्रॅनब्रुकच्या माणसाने कुणाला सांगायचे?

हा प्रश्न वाचताना आम्हाला आपलाच एक संघ आठवला. बर्फ नाही, हॉकी नाही. मुंबईच्या मैदानावरचे क्रिकेट. त्या संघाचे नाव साधे होते : मुस्लिम्स. इंग्रजी वर्तमानपत्रे आधी 'मोहमेडन्स' म्हणत. १९१२ ते १९४५-४६ या काळात तो खेळला. त्यानंतर तो उरला नाही. आज आपल्या घरांतल्या पोरांना तो होता हेही ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते एकतर अभिमानाने फुगून बोलतात किंवा शरमेने गप्प बसतात. आम्हाला दोन्ही पुरेसे वाटत नाही, म्हणून ही कहाणी नीट मांडून पाहावी असे ठरवले.

मैदानावर येण्यापूर्वी

हिंदुस्थानात क्रिकेट प्रथम उचलले ते मुंबईच्या पारशांनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. १८८६ आणि १८८८ मध्ये त्यांचे संघ विलायतेला जाऊन आले. १८९० मध्ये व्हर्ननच्या विलायती संघाला त्यांनी मुंबईत हरवले. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा दरसालचा सामना सुरू झाला. तेव्हा लॉर्ड हॅरिस मुंबईचे गव्हर्नर होते आणि क्रिकेटचे मोठे भोक्ते होते. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि दुरंगी सामना तिरंगी झाला. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि चौरंगी स्पर्धा उभी राहिली. १९३७ मध्ये 'रेस्ट' नावाचा पाचवा संघ आला. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे उरलेले सगळे त्यात. तेव्हापासून स्पर्धा पेंटँग्युलर, म्हणजे पंचरंगी.

ही रचना कुणी एका माणसाने कट करून आखली असे म्हणता येणार नाही. त्या काळी मुंबईत वसतिगृहे, शाळा, दवाखाने, बँका सगळेच जमातवार उभे राहत होते. जिमखान्यांचेही तेच झाले. समुद्राकाठच्या जागा सरकारने जमातींच्या जिमखान्यांना दिल्या. पारशी जिमखाना, हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना अशी ती रांग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इस्लाम जिमखाना उभा राहिला. बद्रुद्दीन तय्यबजींसारख्या मंडळींचा त्याला आधार होता. १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लाम काढणाऱ्यांतही तय्यबजी होते. शाळा आणि मैदान या दोन्ही गोष्टी त्या पिढीने सारख्याच निकडीच्या मानल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुलांनी इंग्रजी शिकावे आणि मोकळ्या हवेत खेळावेही. सरकारला मात्र ही रांग सोयीची होती. प्रजा आपापल्या जमातीच्या तंबूत बसली की राज्य करणे सोपे जाते.

तंबू हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. १९३६ पर्यंत हे सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होत. तो जिमखाना फक्त गोऱ्यांचा. नेटिव्ह खेळाडूने मैदानावर खेळावे, धावा काढाव्यात, बळी घ्यावेत, पण क्लबचे सभासद होऊ नये. देशी संघ आणि त्यांचे प्रेक्षक कनाती-शामियान्यांत. १९३३ च्या डिसेंबरात हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना याच मैदानावर झाला आणि लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या. त्या दिवशी कुठल्या जमातीच्या तंबूतून किती टाळ्या आल्या हे कुणी मोजले नाही.

संघ कुणाचा, गाव कोणते?

मुस्लिम संघाबद्दल पहिली गोष्ट ध्यानात घ्यायला हवी ती अशी, की तो मुंबईत खेळे, पण निव्वळ मुंबईचा नव्हता. इस्लाम जिमखाना त्याचे घर. पण खेळाडू अलीगढहून येत, लाहोर-जालंधरहून येत, इंदूरहून आणि संस्थानांतून येत. वझीर अली आणि नझीर अली हे भाऊ जालंधरचे. मोहम्मद निसार होशियारपूरचा. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा इंग्लंडच्या पहिल्या डावातले पाच बळी निसारने ९३ धावांत घेतले. मुश्ताक अली इंदूरचे, होळकर दरबारच्या छायेत सी. के. नायडूंच्या हाताखाली वाढलेले. १९३६ मध्ये मँचेस्टरला त्यांनी ११२ धावा केल्या. परदेशातल्या कसोटीत शतक काढणारे ते पहिले हिंदी फलंदाज.

थोडक्यात, संघाला गाव नव्हते. कौम हेच त्याचे गाव मानले गेले. वर्षातून एकदा हे अकरा जण मुंबईत जमत, जिमखान्याचा झेंडा घेत आणि सामने संपले की आपापल्या संस्थानात, नोकरीत, कॉलेजात परत जात. आणि तिथे गेल्यावर? तिथे ते हिंदू खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळत. मुश्ताक अली होळकरांकडून खेळत तेव्हा नायडू त्यांचे कर्णधार असत. १९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली. त्यात संघ प्रांताचे आणि संस्थानाचे होते. म्हणजे एकच माणूस वर्षाच्या एका महिन्यात मुसलमान संघाचा आणि दुसऱ्या महिन्यात इंदूरचा, बडोद्याचा किंवा मुंबईचा. याचे सर्वांत बोलके उदाहरण १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यातले आहे. बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली. हजारेंच्या २८८, गुल महंमदच्या ३१९. हजारे सांगलीचे मराठी ख्रिस्ती, गुल महंमद लाहोरकडचा. फाळणी चार-पाच महिन्यांवर आली होती आणि हे दोघे एकमेकांना धावेसाठी हाक देत पळत होते.

दुसरी गोष्ट. 'हिंदू संघ' म्हणून जो उभा होता तोही एकजिनसी नव्हता. पळवणकर बाळू हा त्यांचा सर्वांत मोठा गोलंदाज. १९११ च्या विलायत दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. पण तो अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला. कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते अखेर १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला. धर्माच्या नावाने संघ बांधला की आतली उतरंड झाकली जाते, नाहीशी होत नाही. आपल्याकडेही अशराफ, अजलाफ, कोकणी, दखनी, मेमन, बोहरी असे पदर आहेत. आपल्या संघाच्या गौरवकथा सांगणाऱ्यांनी ते विसरू नये.

जिंकण्याची वर्षे

मुस्लिम संघाला पहिले अजिंक्यपद १९२४ मध्ये मिळाले. १९३० ते १९३३ ही वर्षे सविनय कायदेभंगाची. तेव्हा स्पर्धा झाली नाही. १९३४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि मग मुस्लिम संघाचे दिवस आले. १९३४, १९३५, १९३७, १९३८, १९४० आणि १९४४ असे अकरा वर्षांत सहा वेळा तो विजेता ठरला. १९३४ मध्येच याच स्पर्धेपासून रेडिओवर क्रिकेटचे धावते वर्णन सुरू झाले. ए. एफ. एस. तल्यारखान एकटे दिवसभर बोलत. ज्या मोहल्ल्यात रेडिओचा एकच खोका, त्या मोहल्ल्यात त्याभोवती गर्दी. ज्यांनी आयुष्यात गोरे मैदान पाहिले नाही त्यांनाही वझीर अली आणि मुश्ताक अली ही नावे तोंडपाठ झाली.

१९३७ मध्ये या स्पर्धेचे घर बदलले. बॅकबेची भरणी करून मिळालेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबॉर्न स्टेडियम बांधले. ७ डिसेंबर १९३७ रोजी ते उघडले. कनाती गेल्या, पायऱ्या आल्या. मोकळ्या मैदानातला खेळ तिकिटाच्या चार भिंतींत आला. आणि लगेच पहिला तंटा उभा राहिला तो धर्मावरून नव्हे, खुर्च्यांवरून. कुठल्या जिमखान्याला किती जागा, यावर हिंदू जिमखान्याचे समाधान झाले नाही आणि त्यांचा संघ त्या वर्षी खेळलाच नाही. संघांच्या स्थलांतराबद्दल आपण बोलतो आहोत, तेव्हा ही घटना विसरता येत नाही. मैदान बदलले की नाती बदलतात. आधी कुणाचेच नसलेल्या, गोऱ्यांच्या मैदानावर सगळे सारखेच उपरे होते. नव्या स्टेडियममध्ये कोण किती मालक, हा हिशेब सुरू झाला.

विरोधाचे आवाज

स्पर्धा लोकप्रिय होत गेली तसा विरोधही वाढला. मुस्लिम लीगचे राजकारण आणि हिंदू महासभेचे राजकारण तापले होते. मैदानावर धर्माच्या नावाने संघ उभे करणे म्हणजे त्या आगीत लाकूड टाकणे, असे अनेकांना वाटू लागले. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटली. गांधीजींचे मत स्पष्ट होते. युरोपात युद्ध पेटले आहे, देशातले पुढारी तुरुंगात आहेत, अशा वेळी हा तमाशा त्यांना पसंत नव्हता. आणि खेळात जमातीवार संघ असावेत हे तर त्यांना मुळीच पटत नव्हते. त्या वर्षी हिंदू संघ खेळला नाही. अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने 'रेस्ट'ला हरवले. पुढच्या वर्षी हिंदू संघ परत आला. १९४२ मध्ये 'छोडो भारत'च्या धामधुमीत स्पर्धा झाली नाही.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे होते आणि ते सगळेच खोटे नव्हते. मैदानावर मारामाऱ्या होत नाहीत, खेळाडू एकमेकांचे दोस्त आहेत, प्रेक्षक चांगल्या फटक्याला दाद देतात, मग अडचण कुठे? या म्हणण्याला आधार देणारे सामनेही झाले. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून विजय मर्चंट नाबाद २५० आणि 'रेस्ट'कडून विजय हजारे ३०९. 'रेस्ट'च्या दुसऱ्या डावातल्या ३८७ पैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. दुसऱ्या टोकाला त्यांचा भाऊ विवेक २१ धावा करून तासन् तास उभा होता. हरलेल्या माणसाला त्या दिवशी सगळ्या मुंबईने डोक्यावर घेतले.

आणि मग १९४४-४५. अंतिम सामना, हिंदू विरुद्ध मुस्लिम. मुस्लिम संघापुढे जिंकायला २९८ धावा. एकामागून एक गडी जातात आणि सलामीला आलेला एक जण हलत नाही. त्याचे नाव के. सी. इब्राहिम. मुंबईचाच मुलगा, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेला. नऊ गडी बाद झाले तेव्हाही तो तिथेच होता. त्याच्या नाबाद १३७ धावांवर मुस्लिम संघ एका गड्याने जिंकला. हिंदू संघाचे मर्चंट नंतर मुस्लिम संघाच्या खोलीत आले आणि त्यांनी मनापासून अभिनंदन केले, असे त्या सामन्याच्या आठवणींत नमूद आहे. इब्राहिम आणि मर्चंट रणजीत एकाच मुंबई संघातले. आदल्या महिन्यात त्यांनी एकमेकांना पाठीशी घातलेले असायचे.

मग अडचण कुठे होती? आम्हाला असे वाटते की अडचण खेळाडूंत नव्हती. ती मोजणीत होती. मैदानाबाहेर निवडणुका स्वतंत्र मतदारसंघांच्या, नोकऱ्या टक्केवारीच्या आणि मैदानात फलक धर्मांचा. मर्चंटने इब्राहिमला मिठी मारली तरी फलकावर लिहिले गेले ते 'मुस्लिम्स' आणि 'हिंदूज'. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तेच छापून आले. चांगल्या माणसांनी खेळलेला खेळही वाईट चौकटीत बसवला की चौकटीचेच काम करतो. १९४५-४६ चा हंगाम शेवटचा ठरला. १९४६ मध्ये जमातीवार स्पर्धेवर पडदा पडला. तो पडायलाच हवा होता असे आम्ही म्हणतो. फक्त तो पडताना आपल्या बुजुर्गांच्या डोळ्यांत पाणी आले असेल तर त्या पाण्याला राजकारणाचा गुन्हा मानू नये, एवढेच सांगायचे आहे.

पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी

ऑगस्ट १९४७. त्या वर्षाअखेर हिंदुस्थानचा संघ ऑस्ट्रेलियाला जायचा होता. त्यासाठी निवडलेल्या खेळाडूंचे शिबिर पुण्यात भरले. त्यात लाहोरचा वीस वर्षांचा एक वेगवान गोलंदाज होता, फजल महमूद. शिबिर चालू असतानाच देशाचे दोन तुकडे झाले आणि पंजाब पेटला. फजलला घरी लाहोरला जायचे होते. तो पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसला. फजल यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की त्या डब्यात काही माणसे त्यांच्या जिवावर उठली आणि सी. के. नायडू हातात बॅट घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. मुंबईहून विमानाने कराची आणि तिथून लाहोर. फजल परत आला नाही. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातून त्याने नाव काढून घेतले.

ती गाडी कर्जत, कल्याण, ठाणे अशीच गेली असणार. पुण्याहून मुंबईला तेव्हा दुसरा रूळ नव्हता. आम्ही जिथे रोज लोकलला लटकतो त्याच रुळांवरून एका संघाचा शेवट गेला आणि त्याच डब्यात त्या संघाची अब्रू राखणारा माणूसही बसला होता. नायडू पूर्वी हिंदू संघाचे कर्णधार होते. मुस्लिम संघाच्या गोलंदाजांना मुंबईच्या मैदानावर त्यांनी अनेकदा झोडपले होते. पण जीव वाचवायची वेळ आली तेव्हा तीच बॅट वेगळ्या कामाला आली.

पाच वर्षांनी, १९५२ च्या ऑक्टोबरात, फजल पाकिस्तानकडून भारतात आला आणि लखनौच्या कसोटीत त्याने ९४ धावांत १२ बळी घेतले. पाकिस्तानचा तो पहिला कसोटी विजय. ज्या देशाच्या टोपीसाठी त्याची निवड झाली होती त्याच देशाला त्याने हरवले. त्या पाकिस्तानी संघाचा कर्णधार अब्दुल हफीज कारदार १९४६ मध्ये हिंदुस्थानकडून इंग्लंडला खेळला होता. फिरकी गोलंदाज अमीर इलाही हाही १९४७ मध्ये सिडनीला भारताकडून खेळलेला. आणि गुल महंमद? तो त्या मालिकेत भारताकडून खेळत होता. १९५६ मध्ये तो पाकिस्तानकडून कसोटी खेळला. दोन्ही देशांकडून खेळलेले हे तिघे.

त्याच मालिकेतला दिल्लीचा पहिला सामनाही आठवावा. भारताची शेवटची जोडी मैदानात होती, हेमू अधिकारी आणि हैदराबादचे गुलाम अहमद. दोघांनी शेवटच्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमद यांनी ५० केल्या आणि भारत डावाने जिंकला. पाकिस्तानविरुद्धचा भारताचा पहिला विजय ज्यांच्या भागीने भक्कम झाला त्यांत एक मुसलमान होता. तो मुस्लिम इलेव्हनचा म्हणून तिथे उभा नव्हता. तो भारताचा अकरावा गडी होता.

कोण गेले, कोण राहिले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुस्लिम इलेव्हन कुठे गेली? आपल्याकडे एक समज आहे आणि तो दोन्ही टोकांच्या लोकांना आवडतो, की ती पाकिस्तानात गेली. पाकिस्तानातले काही इतिहासकार तिला आपल्या संघाची पूर्वज मानतात. आपल्याकडचे काही लोकही खुशीने तेच म्हणतात, कारण मग ती आपली जबाबदारी उरत नाही.

नोंदी पाहिल्या तर चित्र निराळे दिसते. वझीर अली कराचीला गेले आणि १९५० मध्ये तिथेच वारले. निसार आणि जहांगीर खान पंजाबचेच. ते पाकिस्तानात राहिले. मुश्ताक अली इंदूर सोडून कुठेही गेले नाहीत. २००५ मध्ये इंदूरलाच त्यांचा इंतकाल झाला आणि आज देशातली वीस षटकांची स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते. आणि ज्याने त्या एका गड्याच्या विजयात खेळपट्टी सोडली नाही तो इब्राहिम? फाळणीनंतर तो लगेच गेला नाही. १९४७-४८ च्या हंगामात त्याने मुंबईत धावांचा डोंगर रचला. एकदा बाद झाल्यापासून पुन्हा बाद होईपर्यंत ७०९ धावा, असा तो विक्रम. नोव्हेंबर १९४८ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध तो भारताकडून सलामीला गेला. ८५ आणि ४४. चार कसोटी सामने त्याच्या वाट्याला आले. पुढे तो पाकिस्तानला गेला आणि २००७ मध्ये कराचीत वारला. प्रत्येकाची वाट वेगळी, वेळ वेगळी, कारण वेगळे. संघ म्हणून कुणी हलले नाही. माणसे हलली, एकेकटी.

मुलांच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट दिसते. जुनागढचे एक कुटुंब १९४७ मध्ये कराचीला गेले. त्यातला हनीफ तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. तिथल्या सिंध मदरशाच्या शाळेत त्याला शिकवणारे अब्दुल अझीझ हे जामनगरहून गेलेले यष्टिरक्षक. जॅक रायडरच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध ते पूर्वी हिंदुस्थानकडून खेळले होते. अझीझ तिकडे हनीफ महंमद घडवत होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा इकडे जामनगरला आईपाशी वाढत होता. तो मुलगा म्हणजे सलीम दुराणी. बापाने सीमेपलीकडे दुसऱ्याची मुले घडवली, मुलगा सीमेच्या अलीकडे भारताकडून २९ कसोटी सामने खेळला. मुंबईच्या प्रेक्षकांनी षटकार मागावा आणि त्याने तो द्यावा, ही त्याची ख्याती. २ एप्रिल २०२३ रोजी जामनगरला त्याचे निधन झाले. घर दुभंगले की काय होते ते या बापलेकांइतके कुणी सांगू शकणार नाही.

आपला संघ कोणता?

आम्ही कोकणी, दखनी मुसलमान. मराठीत बोलतो, मराठीत भांडतो, मराठीत लिहितो. मुस्लिम इलेव्हनच्या मोठ्या नावांत पंजाब, अलीगढ आणि संस्थाने होती. आपल्या मातीतल्या मुलांची पाळी आली ती तो संघ संपल्यावर, आणि आली ती शाळेच्या, क्लबच्या, मुंबईच्या संघातून. चिपळूणजवळच्या कालुस्त्याचा गुलाम परकार मुंबईकडून सलामीला आला. १९८१-८२ मध्ये बंगालविरुद्ध त्याने सुनील गावसकरसोबत पहिल्या गड्यासाठी ४२१ धावा जोडल्या आणि १९८२ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी खेळला. त्याचा भाऊ झुल्फिकार मुंबईचा यष्टिरक्षक. श्रीरामपूरच्या झहीर खानने कसोटीत ३११ बळी घेतले. तय्यबजींच्या अंजुमनचा विद्यार्थी वसीम जाफर पंधराव्या वर्षी शालेय सामन्यात नाबाद ४०० करून पुढे आला. त्याने भारतासाठी दोन द्विशतके काढली. कारकीर्दीच्या अखेरीस मुंबई सोडून तो विदर्भाकडे गेला आणि त्या संघासोबत २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी जिंकला. खेळाडूचे स्थलांतर असेही असते. कुणी त्याला गद्दार म्हटले नाही. २००९ मध्ये सरफराज खान या मुलाने हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा केल्या आणि २०२४ मध्ये राजकोटला भारताची टोपी घातली.

यांपैकी कुणाच्याही छातीवर 'मुस्लिम्स' असे लिहिलेले नव्हते. आणि तरीही त्यांची नावे आपल्या मोहल्ल्यात वेगळ्या जिव्हाळ्याने घेतली जातात. यात लपवण्यासारखे काही नाही. पारशी बांधव आपल्या पॉली उम्रीगर आणि फरोख इंजिनिअरची आठवण तशाच जिव्हाळ्याने काढतात. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. भारत-पाक सामन्याच्या दिवशी आपल्या पोरांना विचारले जाते, तू कुणाच्या बाजूने? प्रश्न विचारणाऱ्याला गुलाम अहमदच्या ५० धावा ठाऊक नसतात आणि उत्तर देणाऱ्या पोरालाही नसतात. म्हणून तो पोर एकतर चिडतो, नाहीतर गरजेपेक्षा मोठ्याने ओरडतो. त्याच्या हातात इतिहास असता तर त्याला दोन्ही करावे लागले नसते.

म्हणून आम्ही म्हणतो की मुस्लिम इलेव्हनची कहाणी पोरांना सांगावी, पूर्ण सांगावी. ती वेगळ्या चौकटीतली होती, ती चौकट चूक होती आणि ती मोडली ते बरे झाले, हे सांगावे. त्या चौकटीत खेळणारी माणसे चांगली होती, हेही सांगावे. इब्राहिमचा डाव सांगताना मर्चंटची मिठी गाळू नये. फजलची गाडी सांगताना त्या डब्यातली विखारी माणसेही गाळू नयेत आणि नायडूंची बॅटही गाळू नये. क्रॅनब्रुकच्या लोकांचा संघ गेला तरी २००२ चा चषक जिंकला तेव्हा तो त्यांचाच होता. तसाच १९४४ चा तो विजय आपलाही आहे, आणि मुंबईच्या सगळ्यांचाही.

इस्लाम जिमखाना आजही मरीन ड्राइव्हवर आहे, आजूबाजूला इतर जिमखाने आहेत, समोर तोच समुद्र आहे. इकडे ठाण्यात संध्याकाळी सेंट्रल मैदानावर पोरे खेळतात. संघ पाडताना कुणी धर्म विचारत नाही. चांगला बॉलर कुणाकडे आणि बॅट कुणाची, एवढेच विचारले जाते. अंधार पडला की एखादा मोठा माणूस घरी जाताना थांबतो, दोन चेंडू बघतो. त्याने थांबून त्या पोरांना इब्राहिमचे नाव सांगितले तर बरे होईल.